क्लोरीन आमच्या पाणीयोजनेतही आहे, मग बंदी कशावर?

गेल्या अंकात घरातल्या कीटकनाशकांबद्दल लिहिताना एक ओळ सहज लिहून गेले, की सारिन हा विषारी वायू १९३८ मध्ये जर्मनीत कीटकनाशकं शोधता शोधता हाती लागला. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की झुरळं आणि वाळवीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलते आहे. नव्या वाचकांसाठी सांगते: माझी सगळी नोकरी डोंबिवलीतल्या डाय इंटरमिजिएट बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. लष्कर आणि परराष्ट्र धोरण हा माझा प्रांत नाही. नमुना घेणं, सील करणं, तपासणं आणि कुणी कितीही आवाज चढवला तरी आकडा न बदलणं, एवढं मला येतं. उत्तरं तेवढ्याच भांडवलावर आहेत.

प्रश्न : मॅडम, मी नळयोजनेच्या शुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर आहे. आमच्याकडे क्लोरीनचे टनर (टनभर वायूच्या मोठ्या टाक्या) येतात. मुलगा बारावीला आहे, तो म्हणतो पहिल्या महायुद्धात हाच वायू सोडून माणसं मारली. खरं असेल तर याच्यावर बंदी कशी नाही? (कराड तालुका)

मुलगा बरोबर सांगतोय. २२ एप्रिल १९१५, बेल्जियममधलं ईप्र. संध्याकाळी पाचच्या सुमारास जर्मन सैन्यानं खंदकांच्या कडेनं पुरून ठेवलेल्या ५,७०० हून अधिक सिलिंडरांचे व्हॉल्व्ह उघडले. आत दीडशे टनांवर क्लोरीन होता. तयारी केव्हाच झाली होती, पण हवा तसा वारा मिळेना, म्हणून हल्ला पुन्हा पुन्हा पुढे ढकलला होता. त्या संध्याकाळी वारा मिळाला आणि हिरवट-पिवळा लोट समोरच्या फ्रेंच आणि अल्जीरियन सैनिकांवर गेला. तुम्ही टनर हाताळता, तुम्हाला पुढचं सांगायला नको. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असतो, जमिनीलगत सरपटतो आणि सखल जागा दिसली की तिथे उतरून बसतो. समोरची माणसं होती खंदकात.

चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, आपल्याकडून गेलेली लाहोर डिव्हिजन त्याच भागात हल्ल्याला पाठवली. तिच्यावरही गॅस आला. मुखवटे नव्हतेच, फडकं ओलं करून तोंडाला लावायचं एवढाच उपाय. ५५ कोक्स रायफल्सचे जमादार मीर दस्त यांनी, अधिकारी एकामागून एक पडल्यावर, उरलेली माणसं गोळा करून हुकूम येईपर्यंत जागा धरून ठेवली आणि आठ जखमी ब्रिटिश आणि हिंदी अधिकाऱ्यांना मागे आणायला मदत केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गॅसचा त्रासही त्यांच्या वाट्याला आलाच.

आता बंदीचं. गंमत अशी की बंदी तेव्हाही होती. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात गुदमरवणारे वायू पसरवणारे तोफगोळे वापरू नयेत, असं लिहिलेलं होतं. जर्मनांचं म्हणणं, आम्ही गोळा कुठे डागला? आम्ही तर सिलिंडर उघडले! वकिली डोकं म्हणतात ते हेच. पुढे सगळ्यांनीच सोवळं सोडलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लूस इथे ब्रिटिशांनी क्लोरीन सोडला, तर काही ठिकाणी तो फिरून त्यांच्याच माणसांवर आला. १९१७ मध्ये मस्टर्ड आला. हा नावाला वायू. खरं तर तेलकट द्रव, कातडीवर फोड उठवणारा. १९२५ च्या जिनिव्हा करारानं वापरावर बंदी घातली, पण बनवायला आणि साठवायला मोकळीक ठेवली. म्हणजे दारू पिऊ नका, भट्टी मात्र चालू द्या.

ही पळवाट १९९३ च्या रासायनिक शस्त्रबंदी करारानं बंद केली, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. या करारात बंदी हेतूवर आहे. कोणतंही विषारी रसायन, मान्य कामासाठी आणि त्या कामाला शोभेल इतक्या प्रमाणात नसेल, तर ते हत्यार. यादीत त्याचं नाव असो वा नसो. तुमच्या केंद्रावरचा टनर पाण्यासाठी आहे तोवर तो टनरच आहे. तसलाच पिवळा सिलिंडर हेलिकॉप्टरमधून वस्तीवर टाकला की ते रासायनिक हत्यार होतं. हे मी उदाहरणादाखल बोलत नाही, सीरियात तसं झालंय. खाली आणखी एका पत्राच्या उत्तरात येईल.

मुलाला एवढं आणखी सांगा, की ईप्रचा हल्ला जुळवून आणणारा फ्रिट्झ हाबर हाच हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा शास्त्रज्ञ. तुमच्या उसाला पडणारा युरिया त्याच्याच प्रक्रियेवर उभा आहे. १९१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला त्या अमोनियासाठी दिलं. बारावीच्या पुस्तकात अर्धाच हाबर असतो.

आणि तुम्ही: अमोनियाचा बोळा हाताशी ठेवता ना? गळतीच्या जागी पांढरा धूर दिसला की वाऱ्याला आडवं निघा आणि उंचावर जा. तळघरातल्या पंपरूमकडे चुकूनही नाही.

प्रश्न : ताई, 'रानटी टोळ्यांवर विषारी वायू वापरा' असं चर्चिल म्हणाल्याची पोस्ट आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दर महिन्याला येते. एक जण म्हणतो खोटी, एक जण म्हणतो खरी. (नांदेड)

वाक्य खरं आहे. १२ मे १९१९ चं टिपण, तेव्हा चर्चिल युद्धमंत्री होते. आपल्या वायव्य सरहद्दीवर गॅस वापरायला इंडिया ऑफिस (हिंदुस्थानचा कारभार बघणारं लंडनचं खातं) का-कू करत होतं, त्यावर त्यांनी वैतागून लिहिलेलं. पोस्टमध्ये पुढचा भाग कापलेला असतो: अश्रुधुरासारखे, दहशत बसवणारे पण कायमची इजा न करणारे वायू वापरता येतील, असं ते त्याच टिपणात म्हणतात. इराकमध्ये १९२० च्या बंडात ब्रिटिशांनी गॅस टाकला, असंही त्या पोस्टला जोडून येतं. त्याचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही.

पण म्हणून चर्चिलना सोडून देऊ नका. त्याच १९१९ च्या ऑगस्टमध्ये उत्तर रशियात बोल्शेविकांवर ब्रिटिश विमानांनी गॅसचे बॉम्ब टाकलेच, आणि जुलै १९४४ मध्ये जर्मन शहरांवर गॅस टाकता येईल का याचा थंड डोक्यानं विचार करा, असं त्यांनी आपल्या सेनाधिकाऱ्यांना लिहिलं होतं.

मला चीड वेगळ्याच गोष्टीची येते. जे खरंच आपल्या माणसांवर झालं, ते त्या ग्रुपवर कुणी टाकत नाही. १९३० च्या दशकापासून पुढे दहाएक वर्षं रावळपिंडीच्या लष्करी तळावर ब्रिटनच्या पोर्टन डाउन या रासायनिक शस्त्रांच्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्डचे प्रयोग केले. काहींना नुसत्या हाफ पँट आणि सुती शर्टावर गॅसच्या खोलीत पाठवलं. हिंदी कातडी गोऱ्या कातडीपेक्षा वेगळी भाजते का, हे बघायचं होतं. नाजूक जागी भाजून लोक दवाखान्यात पडले. हे कागद लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात होते, २००७ मध्ये वर्तमानपत्रांतून बाहेर आले. चर्चिलचं एक वाक्य फिरवण्यापेक्षा हे वाचा. मस्टर्डचे वळ मी फक्त पाठ्यपुस्तकातल्या फोटोत पाहिले आहेत. तेवढ्यानंही लॅबमध्ये दुप्पट हातमोजे घालायला लागले होते.

प्रश्न : सद्दाम हुसेननं कुर्दांवर गॅस टाकला तेव्हा जग गप्प, आणि त्याच्याकडे काही नव्हतं तेव्हा त्याच्यावर युद्ध! हा ढोंगीपणा नाही का? (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

सर, आहे. पण त्याची कहाणी क्रमानं पाहिली तर आणखी बोचते.

इराण-इराक युद्धात इराक मस्टर्ड आणि सारिनच्या जातीचा टॅबून वापरतोय, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी १९८४ मध्येच प्रत्यक्ष जाऊन सांगितलं होतं. म्हणजे माहिती नव्हती असं नाही. २८ जून १९८७ ला इराणच्या सरदश्त शहरावर, भर वस्तीत मस्टर्ड पडला. १६ मार्च १९८८ ला हलबजा. इराकमधल्या कुर्दांचं हे गाव आदल्याच दिवशी इराणी फौजा आणि कुर्द लढवय्यांच्या हाती गेलं होतं. आधी साधे बॉम्ब पडले, त्यामुळे लोक सवयीनं तळघरांत उतरले. मग गॅस आला, आणि तो वर सांगितलं तसा खाली उतरतो. वाचलेल्यांनी सफरचंदासारखा, लसणासारखा वास आल्याचं सांगितलं. मेलेल्यांचा अंदाज ३,२०० ते ५,००० चा आहे. इराणनं पत्रकारांना हेलिकॉप्टरनं तिथे नेलं म्हणून दारात पोराला कवटाळून पडलेल्या बापाचं छायाचित्र जगानं पाहिलं.

आणि जगानं केलं काय? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं इराणकडेही बोट दाखवलं, कारण तेव्हा सद्दाम त्यांच्या सोयीचा होता. सुरक्षा परिषदेनं ९ मे १९८८ ला ठराव क्रमांक ६१२ केला. वापराचा निषेध कडक, पण 'दोन्ही बाजूंनी' वापर टाळावा, असा. वर्गात एकानं दुसऱ्याला मारलं की दोघांनाही उभं करायचं, तशातली गत. तुम्ही शिक्षक, तुम्हाला हे कळेल.

माल कुठून आला, हा प्रश्न कारखान्यात राबलेल्या माणसाला आधी पडतो. मस्टर्डसाठी लागणारं थायोडायग्लायकॉल हे बॉलपेनच्या शाईत आणि कापडाच्या रंगकामात चालणारं साधं रसायन. फ्रान्स फान आनराट या डच व्यापाऱ्यानं ते सद्दामला शेकडो टन विकलं. डिसेंबर २००५ मध्ये हेगच्या न्यायालयानं त्याला युद्धगुन्ह्यात साथ दिल्याबद्दल १५ वर्षं ठोठावली, अपिलात ती १७ झाली. आपला माल कशाला वापरला जाणार हे त्याला कळत होतं, हे न्यायालयानं धरलं. माझ्या मते हलबजाच्या सगळ्या प्रकरणात हा निकाल सगळ्यात कामाचा आहे. हुकूमशहा फासावर जातात ते हरल्यावर; इथे बिलं आणि जहाजांच्या पावत्या लावून एक पुरवठादार आत गेला. अशा पावत्या मी आयुष्यभर फाइल केल्यात. त्यांचा असाही उपयोग होतो हे वाचून बरं वाटलं होतं.

राहिलं २००३. ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत आरोपांची जंत्री वाचली, हातात छोटी कुपीही धरली. कुपी अँथ्रॅक्स किती थोडा पुरतो हे दाखवायला. तिच्यात इराकमधून आणलेला कसलाही नमुना नव्हता. युद्धानंतर अमेरिकेच्याच शोधपथकानं २००४ मध्ये लिहून दिलं की साठे १९९१ नंतर नष्ट झालेले होते. जुने, सडलेले काही गोळे सापडले तेवढेच. या 'लांडगा आला रे आला'ची किंमत इराकनं तर दिलीच, पण दहा वर्षांनी सीरियातल्या माणसांनीही दिली. पुढचं पत्र त्याबद्दलच आहे.

प्रश्न : मी दुबईत आहे. ऑफिसात सीरियाचे दोन सहकारी होते. एक म्हणायचा राष्ट्राध्यक्ष असदनं स्वतःच्याच लोकांवर गॅस टाकला, दुसरा म्हणायचा सगळा बंडखोरांचा बनाव. आपण बाहेरच्यांनी कुणावर विश्वास ठेवायचा?

दोघांवरही नको. नमुन्याच्या बाटलीवर ठेवा.

२१ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे दमास्कसजवळच्या घूटामध्ये रॉकेटं पडली. योगायोग असा की ओके सेलस्ट्रॉम यांचं संयुक्त राष्ट्रांचं पथक आधीच्या एका घटनेच्या चौकशीसाठी तीन दिवसांपूर्वीच दमास्कसला पोचलेलं होतं. ते घूटात गेले. माती, रॉकेटचे तुकडे, जखमींचं रक्त आणि लघवी घेऊन आले. तपासलेल्या रक्ताच्या नमुन्यांपैकी ८५ टक्क्यांत सारिनचा माग निघाला. कुणी टाकला हे सांगायचा अधिकार त्या पथकाला दिलेलाच नव्हता. अहवालात दोषीचं नाव नाही याचा अर्थ दोषी सापडला नाही असा दोन्हीकडच्यांनी आपापल्या सोयीनं लावला. मृतांचा आकडाही असाच: अमेरिका म्हणाली १,४२९, इतरांचे अंदाज याहून बरेच कमी. पण आकड्यावरून भांडण असलं म्हणजे घटनाच झाली नाही, असं होत नाही.

नमुन्याचं काम कसं चालतं हे एकदा समजून घ्या, मग बातम्या वेगळ्या वाचाल. नमुना घेताना सील, सही, वेळ. प्रत्येक हस्तांतराची नोंद. १९९३ च्या करारावर देखरेख करणाऱ्या हेगच्या रासायनिक शस्त्रबंदी संघटनेत तो नमुना वाटला जातो आणि वेगवेगळ्या देशांतल्या किमान दोन मान्य लॅबना जातो. सोबत खोटे, कोरे नमुनेही मिसळतात, म्हणजे लॅब अंदाजपंचे बोलत असेल तर उघडी पडते. मान्य लॅबच्या यादीत आपली ग्वाल्हेरची डीआरडीओची प्रयोगशाळाही आहे. एका सरकारला यातली एक बाटली फिरवता येईल, सगळी साखळी फिरवणं फार अवघड.

घूटानंतर सीरिया करारात आला, सुमारे १,३०० टन साठा जाहीर केला, तो बाहेर काढून नष्ट केला. तरी ४ एप्रिल २०१७ ला तिथल्याच खान शेखून शहरावर सारिन पडला. संयुक्त राष्ट्रं आणि हेगची संघटना यांच्या संयुक्त चौकशी यंत्रणेनं सीरियन सरकारला जबाबदार धरलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रशियानं नकाराधिकार वापरून त्या यंत्रणेची मुदतवाढ अडवली. मला विचाराल तर इथे माझं मत पक्कं झालं. ज्याला नमुना आपल्या बाजूचा वाटतो, तो लॅब बंद करा म्हणत नाही. याच यंत्रणेनं मारिया गावात २०१५ मध्ये मस्टर्ड वापरल्याबद्दल 'इस्लामिक स्टेट'लाही दोषी धरलं होतं, तेव्हा ती फक्त असदच्या मागे लागली होती म्हणणं खरं नाही.

दमास्कसजवळच्या दूमाचं प्रकरण (७ एप्रिल २०१८, ४३ मृत्यू) यातलं सर्वांत वादग्रस्त. संघटनेतल्याच दोघा माजी तपासनिसांनी निष्कर्षांवर आक्षेप घेतला, कागद फुटले. तुमचा दुसरा सहकारी बहुतेक तेच दाखवत असेल. आक्षेप घेतला हे वाईट नाही. लॅबमध्ये माझ्या रिपोर्टवर ज्युनिअर मुलीनं लाल पेन मारलेला मला चालायचा. पण आक्षेप म्हणजे निकाल नव्हे. संघटनेनं नव्यानं तपास करून जानेवारी २०२३ मध्ये लिहिलं: सीरियन हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं दोन पिवळे क्लोरीनचे सिलिंडर इमारतींवर टाकले, असं मानायला सबळ आधार आहे. डिसेंबर २०२४ मध्ये असद पळाले. नव्या सरकारनं संघटनेला दारं उघडली आहेत.

प्रश्न : भारताकडे कधी रासायनिक शस्त्रं होती का? नेटवर दोन्ही उत्तरं मिळतात. (नाशिक)

होती. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्ताननं संयुक्त जाहीरनामा काढला, त्यात आमच्याकडे नाहीत असाच सूर होता. मग १९९३ च्या करारावर आपण सही केली, १९९६ मध्ये मान्यता दिली, आणि जून १९९७ मध्ये साठा जाहीर केला: हजार टनांहून थोडा जास्त मस्टर्ड. पाकिस्ताननं बोंब मारली आणि ती गैर होती असं मला म्हणवत नाही. पण जाहीर केल्यावर आपण शब्द पाळला. २००९ मध्ये शेवटचा थेंब नष्ट झाला, हेगच्या तपासनिसांच्या देखरेखीखाली. अमेरिकेला ते जुलै २०२३ पर्यंत जमलं नाही.

या कराराचा दुसरा चेहरा मी कारखान्यात पाहिलाय. ठरावीक रसायनं बनवणाऱ्या, वापरणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी हिशेब द्यावा लागतो आणि हेगचे तपासनीस येऊन पाहतात. आमच्याकडे आले तेव्हा मॅनेजरनं आदल्या रात्री प्लँटला रंग मारून घेतला होता. तपासणीला आलेल्या बाईंनी रंगाकडे ढुंकूनही बघितलं नाही. खरेदीचं रजिस्टर, वजनकाट्याच्या पावत्या आणि बॅचशीट शेजारी शेजारी मांडून बसल्या. एका महिन्यात जेमतेम ४० किलोचा फरक निघाला. ड्रमच्या तळाला राहतो तो माल आणि रिअ‍ॅक्टर धुतानाची घट, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ड्रम दाखवा. रिकामे ड्रम यार्डात उन्हात पडले होते; त्यातला एक त्यांनी काट्यावर चढवायला लावला. मग मान हलवली आणि चहा मागितला, बिनसाखरेचा. २०१३ मध्ये या संघटनेला शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा मला तो काट्यावरचा ड्रम आठवला.

प्रश्न : भोपाळ हा रासायनिक हल्लाच नव्हता का? (मुलुंड)

माणसांवर परिणाम हत्यारासारखाच झाला, पण करार तिथे लागू होत नाही, कारण कुणी तो वायू मारण्यासाठी सोडला नव्हता. तो हलगर्जीपणा होता, आणि त्यासाठी वेगळे कायदे होते, जे नीट चालवले गेले नाहीत. एवढं मात्र खरं की तिथला मिथाइल आयसोसायनेट बनवायला फॉस्जीन हा विषारी वायू लागायचा, आणि फॉस्जीन पहिल्या महायुद्धात भरपूर वापरला गेलेला. विषयाला स्वतंत्र लेख हवा. डिसेंबरच्या अंकात लिहीन.

प्रश्न : मोर्च्यात आमच्यावर अश्रुधूर सोडला. युद्धात तो वापरायला बंदी आहे म्हणतात, मग पोलिसांना कसा चालतो? (पुणे)

करारात तसंच लिहिलंय. युद्धाचं साधन म्हणून अश्रुधूर निषिद्ध, कायदा-सुव्यवस्थेसाठी मान्य. विचित्र वाटतं, पण कारण आहे. खंदकात धूर आला की तो अश्रुधूर आहे की सारिन, हे विचारत बसायला कुणाला वेळ नसतो. समोरचा आपल्याकडे असेल ते काढतो. युक्रेनमध्ये हाच प्रश्न उभा आहे. तिथल्या आघाडीवरच्या खंदकातून आलेल्या ग्रेनेड आणि मातीच्या नमुन्यांत सीएस हा अश्रुधूर सापडल्याचं हेगच्या संघटनेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. कुणी टाकला हे अहवालात नाही, ते ठरवणं संघटनेच्या त्या तपासभेटीच्या कामात नव्हतं.

पोलिसांनी बंद जागेत किंवा अंगावर नेम धरून नळकांडी मारली तर ते मान्य वापरात बसत नाही. तसं झालं असेल तर तारीख, जागा आणि रिकाम्या नळकांडीचा फोटो जपून ठेवा. आणि पुन्हा वेळ आली तर डोळे चोळू नका, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, साध्या पाण्यानं भरपूर धुवा. टूथपेस्ट लावायचा सल्ला तुमच्या मित्रानं दिलाय, त्याला माझ्याकडे पाठवा.